एकदाच भंगार म्हणा

चूक बाबांची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण घरात या गोष्टीच्या आणखी तीन आवृत्त्या फिरतायत आणि त्यांत अनुक्रमे उतार, हँडब्रेक आणि माझा धाकटा भाऊ दोषी ठरलेत. वडीलधाऱ्या माणसांच्या हातून चुका होत नसतात. त्यांच्यावर फक्त प्रसंग ओढवतात.

तर प्रसंग असा ओढवला. बाबांची एकतीस वर्षांची, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घरासमोरच्या उतारावर उभी असायची. हँडब्रेक नावापुरता. गाडी खरी धरून ठेवायचा तो मागच्या चाकाखालचा दगड. रविवारी सकाळी बाबांनी गाडी धुतली, पुसली, जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला फोटो घ्यायला गेले आणि म्हणाले, "छे, दगड वाईट दिसतोय."

आणि दगड काढला. (पदवीधर माणूस. फर्स्ट क्लास.)

गाडी आधी नुसती हलली, खुर्चीत कुणी सावरून बसावं तशी. मग निघाली.

"अहो," आई गॅलरीतून म्हणाली, "तुमची गाडी चालली!"

"चालणारच! मेंटेन केलीय!" बाबा मोबाइलमधून डोळे न काढता ओरडले.

मग वर पाहिलं, आणि एका पायात चप्पल, एक हवेत, असे "अगं थांब, थांब" करत ते उतारावरून धावत सुटले. गाडी थांबली ती कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टँकरवर. टँकरला ओरखडा नाही. गाडीचा मागचा अर्धा भाग मात्र पुढच्या अर्ध्या भागाला येऊन भेटला. फोटो छान आलाय. दगड दिसत नाही.

विम्याचे कागद वाचायची वेळ आली तेव्हा घरातल्या तिन्ही पदवीधरांनी (बाबा, आई आणि मी) चष्मे शोधायला सुरुवात केली. अठराच्या अठरा पानं वाचली ती धाकट्यानं. धाकटा म्हणजे इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलेला. बाबा पाहुण्यांना त्याची ओळख एका शब्दात करून द्यायचे: "भंगार." केस वाढवले, भंगार. उशिरा उठला, भंगार. टीव्हीचा रिमोट सापडेना, तरी भंगार.

"बाबा, नीट ऐका," धाकटा म्हणाला. "गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीपलीकडची धरली, तर तीन लाख मिळणार. पण उरलेली गाडी आपल्याला घरी न्यायची असेल, तर विमा कंपनीचा सर्व्हेअर तिची भंगाराची किंमत ठरवणार आणि तेवढी तीन लाखांतून कापणार. भंगार जितकं स्वस्त, तितके पैसे जास्त. चाळीस हजार कापले, तर उरलेल्या दोन लाख साठात मी गाडी पुन्हा उभी करून देतो."

"आणि नाही नेली घरी तर?"

"कंपनी प्रेसखाली घालून तिचा डबा करणार."

बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"म्हणून सर्व्हेअरसमोर तुम्ही एकच वाक्य बोलायचं. 'हो साहेब, भंगारच आहे.' बस."

"मी? तिला?"

"मला दिवसातून चारदा म्हणता. तिला एकदाच म्हणा."

"तुझी गोष्ट वेगळी आहे रे."

आईनं आठवडाभर रोज जेवणाआधी तालीम घेतली. "म्हणा, भंगारच आहे." बाबा म्हणायचे, "भं..." आणि लोणच्याकडे बघायचे. शेवटी शनिवारी एकदाचं जमलं, पण डोळे मिटून.

सोमवारी बाबा, आई आणि धाकटा, क्रेननं गाडी नेऊन ठेवली होती त्या यार्डात गेले. सर्व्हेअर हडकुळा, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला आणि (हे दुर्दैव) अत्यंत सज्जन माणूस होता. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "काका, यात काही राम नाही हो. चाळीस हजार लावतो भंगाराचे. नेऊन टाका घरी."

चाळीस! धाकट्यानं मनातल्या मनात तर नवीन पत्राही लावला. त्यानं बाबांना कोपरानं ढोसलं.

बाबांनी डोळे मिटले. "हो साहेब. भं..."

एक डोळा उघडला.

"चाळीस म्हणजे कशाचे?"

"सगळ्याचे. सीटबिट धरून."

"सीटबिट?" दुसरा डोळा उघडला. "साहेब, ते अस्सल चामडं आहे. दर महिन्याला मी स्वतः तेल लावतो. बसून बघा!"

"बाबा," धाकटा म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. आणि स्टिअरिंग! लाकडी आहे. कुठं मिळतं दाखवा, आत्ता विकत घेतो."

"काका," सर्व्हेअर कळवळून म्हणाला, "मी भंगार लिहितोय ते तुमच्याच फायद्याचं आहे. तुम्ही चांगलं म्हणालात की मला तसं लिहावं लागेल."

"मग लिहा! माझ्या गाडीवर दया नको."

सर्व्हेअर लिहायला लागला. सीट, स्टिअरिंग, चाकं, घड्याळ ("चालतं! वर्षातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं!"). आई शेजारच्या टायरवर बसली. तिला आता उभं राहवत नव्हतं, कारण ती हसत होती. धाकट्याच्या डोळ्यांसमोर पत्रा गेला, रंग गेला, मागचा ॲक्सल गेला.

शेवटी बॉनेट उघडलं. सर्व्हेअरनं पेनानं टोचलं. "हा कार्बोरेटर तरी भंगार धरू? घरगुती काम दिसतंय."

घरगुतीच होतं. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचे अकरा दिवस धाकट्यानं त्या कार्बोरेटरवर घालवले होते. कॉलेज सुटलं ते त्यापायीच.

"हो, भंगारच," धाकटा घाईघाईनं म्हणाला.

"कोण म्हणतं?" बाबा असे गरजले की यार्डातलं कुत्रं उठून पलीकडे गेलं. "माझ्या मुलानं बसवलाय तो! तीन मेकॅनिकांनी हात टेकले होते. असं काम करणारा पोरगा दाखवा मला एक! भंगार म्हणे! सर्वांत जास्त लावा त्याला!"

तेवीस वर्षांत बाबांनी केलेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही नेमकं विम्याच्या फॉर्मवर, कपातीच्या रकान्यात. धाकट्याला प्रचंड संताप आला. तो ओठांवर येईपर्यंत त्याचं हसू झालं. म्हातारा माणूस भांडतो तर किती चुकीच्या बाजूनं!

"बेरीज दोन लाख एक्याऐंशी हजार," सर्व्हेअर ओशाळून म्हणाला. "सही करा."

बाबांनी सही केली, मान ताठ. "बघितलंस? चाळीसवरून कुठं नेलं! व्यवहार असा करतात."

गाडी घरी आली. बाबांनी चाकाखाली दगड लावला, दोनदा हलवून पाहिला आणि धाकट्याला म्हणाले, "उभा काय राहिलायस भंगारासारखा? पाना आण."

धाकट्यानं पाना आणला.

चेक आला एकोणीस हजारांचा. क्रेन आणि यार्डाचं भाडं झालं बावीस हजार. वरचे तीन बाबांनी खिशातून भरले.