पाटी धरलेली झाडं

१८ नोव्हेंबर. बाल्कनी रिकामी करायची होती. ह्यांची बदली भोपाळला झाली होती आणि सामानाच्या ट्रकमध्ये झाडं घेत नाहीत. म्हणून सहा वर्षं वाढवलेला कढीपत्ता उचलला आणि समोरच्या परांजपेकाकांकडे गेले.

परांजपेकाका झाडांना पाटी धरायला लावतात. खरोखरची, खडूने लिहायची पाटी. रोज सकाळी सव्वासातला त्यांच्या बाल्कनीत एकेक कुंडी स्टुलावर चढते, ओल्या फडक्याने तिची पानं पुसली जातात, पुढ्यात पाटी टेकते आणि काका मोबाइल रोखून म्हणतात, "मान वर." पोलिसांनी पकडलेल्या माणसांचे असतात, तसे फोटो. काका बँकेत तपासणी अधिकारी होते. आयुष्यभर शाखा तपासल्या, आता पानं तपासतात. फोटोखाली शेरा ठरलेला: 'प्रगती समाधानकारक.' कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या आमच्या सोसायटीतले वॉचमन त्यांना 'गाछदादू' म्हणतात, म्हणजे झाडवाले आजोबा. बँकेतल्या हुद्द्यापेक्षा काकांना हा जास्त आवडतो.

पाटीवर झाडाचं नाव मात्र नसतं. मनीप्लँटपुढे 'कुलकर्णी, नागपूर'. गंधराज लिंबापुढे 'सावंत, चेन्नई'. इथली मराठी कुटुंबं बदलीवर येतात, तीन-चार वर्षांनी जातात आणि जाताना कुंड्या काकांकडे सोडतात. काका रोज ज्याचा फोटो त्याला पाठवतात.

"उत्तरं येतात का हो?" मी एकदा विचारलं होतं.

"सुरुवातीला येतात. मग लोक कामात असतात."

मागच्या उन्हाळ्यात देसाईंची जास्वंद वाळली. मी म्हटलं, "सियालदहच्या बाजारातून तसलीच आणा. देसाईंना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार," काका म्हणाले आणि रिकामी कुंडी स्टुलावर ठेवली. पुढे पाटी. शेरा: 'माझ्या हातून गेली. क्षमस्व.' त्या दिवशी देसाईंचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

माझा कढीपत्ता त्यांनी आधी नीट तपासला. एक पान उलटं केलं. "मावा आहे, वंदनाताई."

"माझ्या झाडावर? शक्यच नाही."

"मागून बघा."

होता.

"आठ दिवस वेगळं ठेवीन. मग प्रवेश." त्यांनी पाटी पुसली आणि 'आपटे' लिहिलं. काकांचं अक्षर टपोरं, हात झरझर चालणारा. 'भोपाळ' लिहायला मात्र वेळ लागला. या मजल्यावर काकांखेरीज मराठी बोलणारं आमचंच घर शेवटचं.

मी कुंड्या मोजल्या. माझी धरून एकोणीस. "यात तुमचं झाड कुठलं?"

"माझं कशाला? मी कुठे जातोय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी परत गेले. पाटीवर 'परांजपे, कोलकाता' लिहिलं आणि त्यांच्या हातात दिली. "बसा स्टुलावर."

"काहीतरीच तुमचं."

बसले. लगेच उठले, पानं पुसायच्या फडक्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बसले.

"मान वर," मी म्हटलं.

फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढला. खाली शेरा लिहिला आणि एकोणीस घरांना पाठवून दिला. मग घरी येऊन भांडी बांधायला बसले. पहिली बशी कागदात गुंडाळून होते न होते, तोच समोर काकांचा फोन वाजला.