क्यू सोवळ्यात आहे

बालाजीराव जिंकले. तीन-दोन. शेवटचा काळा बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये असा अलगद गेला, जसं झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं.

वाचकांनी हे कृपया विसरून जावं. असं काही घडलेलं नाही. त्या शुक्रवारी एग्मोरच्या त्या हॉलमध्ये कुणी जिंकलं नाही, कुणी हरलं नाही, आणि ओल्या पंच्यातला तो गृहस्थ तिथे नव्हताच. या तिन्ही गोष्टींवर दोन प्रतिष्ठित माणसांचं एकमत आहे. मग जे घडलं नाही, ते कसं घडलं तेवढंच सांगतो.

बुधवारी संध्याकाळी चेन्नईच्या वेलचेरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरी बालाजीरावांनी चहा पिता पिता बायकोला बातमी दिली.

"सई, मी पूलच्या स्पर्धेत नाव दिलंय. ज्येष्ठांच्या. परवा साडेअकराला पहिला सामना."

सईबाईंनी कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही. चेन्नईत जन्मलेल्या बाईला राहुकाळ पाठ असतो, तसा इतरांना स्वतःचा फोन नंबरही नसतो.

"शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. अय्यो, पुन्हा तेच?"

त्या 'पुन्हा'मध्ये अठ्ठावीस वर्षं होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, अशाच एका शुक्रवारी, अकरा वाजता, बालाजीराव अंतिम सामना खेळले होते. समोर नागोजी, जॉर्ज टाउनचा कागदाचा व्यापारी. बालाजीरावांनी काळा बॉल घातला, आणि त्याच्यामागोमाग पांढराही शांतपणे पॉकेटमध्ये जाऊन बसला. पांढरा पडला की हार. तेव्हापासून टपाल खात्यात असेपर्यंत आणि निवृत्तीनंतरही त्यांनी स्पर्धेसाठी क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, हातात धरला नाही. घरात तो पेटीत बंद होऊन कपाटामागे उभा होता, आणि दर दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लागत होतं.

"समोर कोण आहे?" सईबाईंनी विचारलं.

"नागोजी."

सईबाईंनी रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. जायचं. हरायचं नाही. राहूचं मी बघते."

राहूचं बघायचा मार्ग तंजावरच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. त्याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. निघायची वेळ वाईट असेल, तर आदल्या दिवशी चांगल्या वेळेला आपली एक वस्तू शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. दुसऱ्या दिवशी तो राहुकाळात बाहेर पडला तरी काय बिघडतं? तो नुसता पुढे चाललाय. राहूला हा हिशेब कसा पटतो हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता सईबाईंनी क्यू त्याच्या पेटीतून काढला.

"पेटीसकट ने की," बालाजीराव म्हणाले.

"चामड्याची पेटी? शुभ कामाला चामडं कशास?" असं म्हणून त्यांनी क्यूचे दोन्ही तुकडे फिरवून जोडले आणि ती पाच फुटी काठी समोरच्या शेजारीण त्रिपुरसुंदरी मामींच्या घरी, दाराच्या मागे नेऊन उभी केली. बालाजीरावांचा पुनरागमनाचा प्रवास सुरू झाला. पहिला टप्पा अंदाजे अकरा फुटांचा होता.

शुक्रवारी साडेनवाला बालाजीराव काळी पँट, काळे बूट, पांढरा शर्ट घालून क्यू आणायला गेले. मामींनी दार उघडलं आणि दोन्ही हात वर केले.

"राव सार, तिथंच थांबा! काठीला हात लावू नका!"

बालाजीरावांनी दाराच्या मागे बघितलं. तिथे काठी नव्हती. ती आत, वऱ्हांड्यात होती, आणि आडव्या बांबूवर छताजवळ वाळणाऱ्या नऊवारीच्या खाली, भिंतीला टेकून, नुकती न्हाऊन आल्यासारखी चमकत होती.

"मामी, तो माझा क्यू आहे."

"कालपर्यंत होता. आज आमच्या सासऱ्यांचं श्राद्ध. काल संध्याकाळी सोवळं वाळत घालताना माझी काठी मोडली. तीस वर्षांची काठी हो! मग ही दिसली. सरळ, हलकी, टोक बारीक, लुगडं कसं सरकन चढतं! तीनदा पाण्यानं धुतली आणि सोवळ्यात घेतली."

"धुतली?" बालाजीरावांनी विचारलं. लाकूड भिजलं की वाकतं. त्यांना कुणीतरी 'तुम्हाला हृदयाचा झटका येतोय' असं सांगितल्यासारखं वाटलं.

"शिकेकाई लावून."

"मामी, मला साडेअकराला खेळायचंय. त्याच्याशिवाय मला दुसऱ्या काठीनं जमणार नाही."

मामी कठोर होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी विचार केला. एक लुगडं नेसून स्वयंपाक सुरू झाला होता. दुसरं अजून वर होतं, ते पानं वाढायच्या आधी काढायचं होतं.

"एक वाजता परत आणाल? सोवळ्यातच?"

"सोवळ्यात म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सोवळ्यात, सार. आंघोळ करा, ओला पंचा नेसा, कुणाला शिवू नका. मग काठी न्या. ओवळी होऊन आली तर माझं लुगडं वरच राहील, आणि सासरे उपाशी."

मामींचे सासरे एकोणीसशे एकोणनव्वद साली वारले होते. पण ही वेळ तपशिलात जायची नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटांनी बालाजीराव पुन्हा न्हायले. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी ते ओला पंचा नेसून, खांद्यावर उपरणं टाकून, अनवाणी, हातात, धुऊनही दसऱ्याची हळद न गेलेली काठी घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं आणि आदरानं विचारलं, "कुठलं देऊळ, सामी?"

"एग्मोर."

"तिथं देऊळ आहे?"

"दुसऱ्या मजल्यावर," बालाजीराव म्हणाले.

हॉलमध्ये ते शिरले तेव्हा स्पर्धेचा संचालक मुरली वेळापत्रकात नाव शोधत होता. त्यानं मान वर केली आणि नाव सापडण्याची आशा सोडली.

"सर, पूजा खाली बँकेत आहे बहुतेक."

"मी खेळाडू आहे. टेबल दोन."

"पण ड्रेसकोड? काळी पँट, बूट…"

पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या माणसाला असल्या वेळी घाम फुटत नाही. "नियम चौदा, पोटनियम क. धार्मिक कारणास्तव पोशाखात सवलत, लेखी अर्ज केल्यास. कागद घ्या. मी पेनाला शिवू शकत नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा."

मुरलीनं स्वतःकडे आलेला अर्ज स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि स्वतःच मंजूर केला. एवढ्या वेगानं अर्ज मंजूर होताना बालाजीरावांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काय रे बालाजी! मी कोट घालून आलोय आणि तू आंघोळीतून उठून आलास होय?"

नागोजी. पासष्टाव्या वर्षीही केस काळे, कुणाच्या कृपेनं ते विचारू नये. त्यानं हात पुढे केला. बालाजीरावांनी काठीसकट नमस्कार केला.

नागोजीनं हात तसाच ठेवला, काठीकडे बघितलं, हळदीकडे बघितलं, ओल्या पंच्याकडे बघितलं. तोही तंजावरच्याच मुळाचा. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"सोवळ्यात आहेस!"

"होय."

"अरेरे. आणि मला बोलताना लोकांना मिठ्या मारायची सवय."

"नागोजी, तीन फूट लांब."

"बरं बरं. पण मला सांग, हा पांढरा बॉल सकाळपासून चाळीस माणसांनी हाताळलाय. त्याला तुझी काठी लागणार. मग ती सोवळी कशी राहणार?"

बालाजीरावांनी पांढऱ्या बॉलकडे पाहिलं. याचा विचारच केला नव्हता. मुरलीनं त्यांच्याकडून मामींचा नंबर घेतला, फोन लावून स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या तोंडासमोर धरला. पलीकडून फोडणीचा आवाज आला.

"बॉल कशावर ठेवलाय?" मामींनी विचारलं.

"टेबलावर. वर हिरवं कापड आहे."

"कसलं कापड?"

बालाजीरावांनी मुरलीकडे बघितलं. मुरलीनं कागद काढला. "ऐंशी टक्के लोकर, वीस टक्के नायलॉन."

पलीकडे फोडणी थांबली. सोवळ्याचा कायदा रेशमाला आणि लोकरीला नमून असतो, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न उरलेल्या वीस टक्क्यांचा होता.

"चालेल," मामी म्हणाल्या. "आमचे भटजी मंत्रसुद्धा ऐंशी टक्केच म्हणतात. लोकरीवर आला की बॉल शुद्ध. खेळा. पण एक वाजता!"

अशा रीतीनं टेबल नंबर दोन हे एग्मोरमधलं सर्वांत सोवळं ठिकाण ठरलं, आणि बरोबर राहुकाळात सामना सुरू झाला.

पहिला डाव नागोजीनं घेतला. दुसरा बालाजीरावांनी. शिकेकाईनं क्यू थोडा उजवीकडे वाकला होता. बालाजीराव तेवढंच डावीकडे बघायला शिकले. टेबलावर वाकताना उपरण्याचं टोक बॉलना लागू नये म्हणून ते दातांत धरावं लागे, त्यामुळे समोरच्याला ते फार निश्चयी दिसत. तिसरा नागोजी, चौथा बालाजीराव. दोन-दोन. हॉलमधली बाकीची टेबलं थांबली होती. लोक भोवती जमले होते, पण सगळे तीन फुटांवर. बालाजीरावांच्या पंच्यातून अजून पाणी ठिबकत होतं आणि मुरली ते फडक्यानं पुसत होता.

पाचव्या डावात काळा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटपाशी आला. सरळ रेषेत. मागे पांढरा. अगदी अठ्ठावीस वर्षांपूर्वीसारखाच.

बालाजीरावांनी खडू लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घरी सईबाई देवासमोर दिवा लावून बसल्या असतील. इथे हरलो तर राहू जिंकला, नागोजी जिंकला आणि पुढची अठ्ठावीस वर्षं मिळायची शक्यता कमीच.

"बालाजी," नागोजी तीन फुटांवरून हळूच म्हणाला, "तू ज्याला खडू लावतोयस ते टोक कशाचं असतं रे?"

"टिप," बालाजीराव म्हणाले.

"ते नाव झालं. कशाची?"

बालाजीरावांचा हात थांबला. चाळीस वर्षं ते त्या टोकाला टिप म्हणत आले होते, आणि आपलं नाक कशाचं आहे याचा जसा माणूस विचार करत नाही, तसा त्यांनी कधी विचार केला नव्हता. टिप चामड्याची असते. सईबाईंनी चामड्याची पेटी काढून ठेवली होती आणि चामडं पुढे पाठवलं होतं. कालपासून मामींचं सोवळं त्याच टोकानं चढलं होतं. स्वयंपाक त्याच लुगड्यात चालला होता. सासरे त्यातलंच जेवणार होते. शिकेकाईचं पाणी, ओला पंचा, ऐंशी टक्के लोकर, सगळं पहिल्या मिनिटापासून फुकट होतं.

नागोजी प्रसन्न हसला. याला म्हणतात मानसिक खेळ.

पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही. ज्याचं बिघडायचं ते सगळं आधीच बिघडलंय, त्याला आता भ्यायला काही उरत नाही. बालाजीरावांनी खडू खाली ठेवला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या मनात ना राहू होता, ना सासरे. त्यांनी उपरणं दातांत धरलं, किंचित डावीकडे बघितलं आणि टोला दिला.

काळा आत. पांढरा पॉकेटच्या काठापर्यंत आला, खाली डोकावला आणि विचार बदलून थांबला.

टाळ्या झाल्या. नागोजीनं कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"आता मी फोन करतो तुझ्या मामींना."

"नागोजी!"

"टोकाचं सांगतो. आत्ता."

"सांग. मग मी जॉर्ज टाउनमध्ये सांगतो, नागोजीराव पहिल्याच फेरीत हरले. पंचा नेसलेल्या माणसाकडून. अनवाणी."

नागोजीनं खिशाकडे गेलेला हात मागे घेतला.

"सामना झालाच नाही," नागोजी म्हणाला.

"झालाच नाही," बालाजीराव म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. नागोजीनं तो घट्ट धरला. सोवळं मोडलं. पण जे कधी नव्हतंच ते मोडणार कसं, हा प्रश्न दोघांनीही शहाणपणानं सोडून दिला.

एकला पाच मिनिटं असताना मामींनी काठी घेतली, लुगडं सरकन उतरवलं आणि समाधानानं मान हलवली. "राव सार, श्राद्ध कसं व्यवस्थित पार पडतंय! ही काठी शुभ आहे. माझ्याकडेच राहू दे."

सईबाईंनी दारातच विचारलं, "काय झालं?"

"काही झालं नाही," बालाजीराव म्हणाले. पण ते अशा चेहऱ्यानं म्हणाले, की सईबाईंनी रात्रीसाठी शेवयांचं गोड पायसम शिजत ठेवलं.

सगळं सुरळीत झालं असतं. पण संध्याकाळी मुरलीनं निकाल फोटोसकट संघटनेच्या पानावर टाकला. फोटोत पंचा होता, काठी होती, आणि तिचं टोक अगदी स्पष्ट होतं. शनिवारी सकाळी, राहुकाळ टळल्यावर, बालाजीरावांनी टपाल खात्याच्या जुन्या वळणात अर्ज लिहिला:

"मा. सचिव, ज्येष्ठ पूल स्पर्धा समिती यांसी.

विषय: विजय मागे घेऊन पुढील फेरीतील प्रवेश कायम ठेवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, गत शुक्रवारी न झालेल्या सामन्यातील अर्जदाराचा विजय रद्द समजण्यात यावा, श्री. नागोजीराव यांची हारही रद्द समजण्यात यावी. तथापि दुसऱ्या फेरीत अर्जदाराचे नाव आहे तसेच ठेवण्यात यावे. सदर क्यूचे टोक चामड्याचे नसून अन्य कोणत्याही सोयीस्कर पदार्थाचे असल्याचा दाखला, मागील गुरुवारपासून अंमलात येईल अशा बेताने, समितीच्या शिक्क्यानिशी देण्यात यावा. तसेच सदर क्यू सध्या शेजारील घरी धार्मिक सेवेत कायम झाला असल्याने, तो प्रत्येक सामन्यापुरता अर्जदाराकडे प्रतिनियुक्तीवर पाठवण्याबाबत समितीने श्रीमती त्रिपुरसुंदरी यांच्याशी थेट पत्रव्यवहार करावा, ही नम्र विनंती."