मागच्या चाकाचं गाऱ्हाणं

धाकूला शेजारधर्म म्हणून काही ठाऊक नव्हता, हे येसूबाईंचं मत जुनंच. त्याच्या कोंबड्या मधला दगडी गडगा ओलांडून यायच्या आणि येसूबाईंचा तांबडा माठ मुळासकट उकरून जायच्या. बोलायला जावं, तर हा ओटीवर बसून दात कोरत म्हणणार, "काकी, कोंबडीला हद्द कळत नाय."

यंदा येसूबाईंनी बोलणं सोडलं आणि कोयती हातात घेतली. धाकूच्या बोरीची एक मोठी फांदी गडग्यावरून इकडे वाकली होती, ती त्यांनी साफ छाटली. धाकू कुरकुरला तेव्हा त्याला सुनावलं, "गडग्याच्या अलीकडे आली ती फांदी माझी." मग त्या फांदीच्या काटेरी काट्या अंगणातून फरफटत नेऊन त्यांनी वाफ्याभोवती असं कुंपण घातलं, की कोंबड्या लांबूनच माना वाकड्या करून बघत राहिल्या.

माठ वाचला. आणि त्याच आठवड्यात रेणुकाच्या सायकलचं मागचं चाक बसायला लागलं.

रेणुका येसूबाईंची सून. नवरा दीपक मुंबईला कामाला. ही सायकलवरून काजूच्या कारखान्यात जायची आणि येताना नाक्यावर पूर्णगडची मासेवाली बसे, तिच्याकडून मासळी आणायची. येसूबाईंच्या ताटाचा सगळा भार त्या दोन चाकांवर होता. आता सकाळी बघावं तर चाक चपटं. मग ट्यूब काढा, ठिगळ लावा, हवा भरा. कामावर उशीर, तो संध्याकाळी भरून द्यायचा, आणि नाक्यावर पोचेपर्यंत मासेवालीची पाटी धुऊन पालथी. येसूबाईंसमोर कुळथाचं पिठलं यायचं. पहिल्या दिवशी त्या गप्प जेवल्या. पुढे पुढे पिठल्याकडे अशा बघायला लागल्या, की रेणुका वाढून झाल्यावर आत जाऊन बसायची.

"संध्याकाळी टणक, सकाळी चपटं," येसूबाई म्हणाल्या. "हवा काय आपल्या पायांनी चालत जाते? कोणतरी टोचून जातो."

"अवो आई, ट्यूबच जुनी झाली असेल."

"ट्यूब जुनी नि तू खुळी. धाकूचं काम हाय ते. फांदी तोडली, त्याचा राग चाकावर काढतोय."

सोमवारी ग्रामदेवतेच्या देवळात, भर माणसांत, त्यांनी नारळ ठेवला. गुरव गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. "बा देवा महाराजा, ह्या लेकराच्या चाकाला जो कोण भोक पाडत असेल, त्याला चांगली बुद्धी दे रे महाराजा..."

"बुद्धी नको," येसूबाई मागून म्हणाल्या. "मासळी बंद कर त्याची."

गुरवाने मागे वळून पाहिलं, मग देवाकडे पाहिलं. "ज्याच्या हातून चाकात काटा जात असेल, त्याच्या घशाखाली शिमग्यापर्यंत मासळी उतरू देऊ नको रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने धाकू म्हणाला. येसूबाईंना त्याच्या निगरगट्टपणाची कमाल वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलंच. आणि दुपारी गडग्यापलीकडून बांगडे तळल्याचा वास आला. येसूबाईंनी खिडकी लावून घेतली. देवाला घर चुकलं की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

रविवारी रेणुकाने अंगणात सायकल उलटी केली. हवा भरलेली ट्यूब बादलीत बुडवली, तर बुडबुडे आले ते परवाच्या ठिगळाला अगदी लागूनच.

"आई, आमच्या कारखान्यातली नंदा म्हणत होती, नुसती ट्यूब चिकटवून काय उपयोग. टोचणारं टायरातच अडकलेलं असतं. मी काय टायर आतून बघितलाच नव्हता. टोक बारीक असलं की हवा हळूहळू जाते, लगेच कळतपण नाय."

"आण इकडे तो टायर. आयुष्यभर मासळीचे काटे काढलेत मी, हा काय मोठा लागून गेला."

येसूबाईंनी टायराच्या आतून सावकाश बोटं फिरवली. एका जागी थबकल्या. चिमट्याने ओढला तर काटा बाहेर आला. काळपट, आखूड, टोकाला वाकडा. त्यांनी तो तळहातावर घेतला. मग बोरीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, मग बोरीपासून कुंपणापर्यंत आपणच काट्या फरफटत नेल्या होत्या त्या अंगणाकडे. सायकल रोज त्याच वाटेने बाहेर पडत होती.

"काकी, काय घावलं?" धाकू गडग्यावर कोपर टेकून केव्हाचा उभा होता.

येसूबाईंनी मूठ मिटली. रेणुका मेली खरं बोलणारी. "बोरीचा काटा," ती म्हणाली.

धाकूने मान डोलवली. तो घरात गेला आणि ताटलीत बांगडे घेऊन अंगणात आला. ताजे, निळ्या पाठीचे, डोळे चकचकीत.

"काकी, आताच आणलेत. तुझ्यासाठी मुद्दाम."

येसूबाईंनी ताटलीकडे पाहिलं. हात आपसूक पुढे गेला, तो त्यांनी पदराला पुसला.

"आई, घ्या," रेणुका हळूच म्हणाली. "देव काय एवढं मनावर घेणार नाय."

"तू झाडू घे नि अंगण झाड. एक काटा राहता नये. जुन्या ट्यूबची पट्टी कापून टायरात घाल नि हवा टणक भर." सुनेला कामाला लावून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बांगड्यांवरची नजर त्यांनी महत्प्रयासाने धाकूच्या तोंडावर आणली.

"देवासमोर बोलले ते बोलले, शिमग्यापर्यंत मासळीला हात लावणार नाय. पण बोर कुणाची, धाकू? तुझी. कोंबड्या कुणाच्या? तुझ्या. मी काट्या ओढल्या त्या तुझ्या कोंबड्यांपायी. मग पिठलं मी एकटीनंच खायचं होय रे? ते बांगडे गुरवाकडे नेऊन दे नि आजपासनं तूपण कुळीथ शिजव. व्हय महाराजा सगळ्यांत मोठ्यानं तूच म्हणालास."