बिघडवा म्हणणारे हमीद सर

नवी मुलं कॉम्प्युटर लॅबमध्ये आली की आमचे हमीद सर त्यांना पहिलं काम सांगत, ते मशीन बिघडवण्याचं.

"दाबा काहीबी. बिघडवा. मी हाव ना," असं म्हणून ते खुर्चीत बसत आणि डोळे मिटून घेत.

नांदुऱ्याच्या आमच्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो, ते इतिहास. लॅब मंजूर झाली, मशीनं आली, शिकवणारा मात्र आलाच नाही. खोलीला कुलूप लागलं. ते पाहून सरांचा जीव तुटायचा. शेवटी पन्नाशीला टेकलेला हा माणूस मोगलांना दुपारपुरतं बाजूला ठेवून स्वतःच कॉम्प्युटर शिकून आला आणि प्राचार्यांकडून किल्ली मागून घेतली.

पहिल्या वर्षाला आमच्याकडे आसपासच्या खेड्यांतली मुस्लिम मुलं-मुली बरीच येत. बहुतेकांच्या घरातलं कॉलेजात पडलेलं ते पहिलं पाऊल. तापल्या तव्याला लावावा तसा माउसला हात लावत. सरांच्या मते हे अडाणीपण नव्हतं, भीती होती, आणि काहीतरी बिघडवल्याशिवाय ती जात नाही. कुणाचा पडदा काळा पडला की सर टाळ्या वाजवत. एका मुलीने पडद्यावरचं सगळं उलटं करून ठेवलं, तर तिने ते सुलट करेपर्यंत सरांनी मान वाकडी करून तास घेतला. वर तिला चहा पाजला.

ती मुलगी वडनेर भोलजीची शबाना. हात ओढणीखाली लपवून मागे बसणारी. दिवाळीपर्यंत ती मराठी आणि उर्दू दोन्ही टाइप करू लागली. सर तिला स्टाफरूममध्ये बोलावून आम्हाला तिची बोटं दाखवत.

त्याच हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. अळी लागणार नाही म्हणून घेतलेलं बीटीचं बियाणं, पण बोंडं आतून किडलेली. शबाना यायची थांबली. तिचे वडील युसूफभाई यांनी तिला घरीच ठेवायचं ठरवलं होतं.

सर मला घेऊन वडनेरला गेले. मला वाटलं, आता शिक्षणावर भाषण होणार. सरांनी चहा घेतला, कपाशी पाहिली आणि एवढंच म्हटलं, की पोरीला थांबवायचं तर थांबवा, पण एकदा तिचा तास पाहून मग थांबवा.

युसूफभाई पोरीला घेऊन आले. चपला दाराबाहेर काढल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सरांनी त्यांना मशीनसमोर बसवलं, पोरीला शेजारी उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसले. शबानाने वडिलांच्या हातावर हात ठेवून माउस फिरवला. पडद्यावर किडलेलं बोंड आलं. खाली अळीबद्दलची माहिती होती, ती तिने सावकाश वाचून दाखवली. फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं पुन्हा बोंडांसाठी राखू नका; पऱ्हाटी, ती उभी झाडं, वेळेवर उपटा.

युसूफभाईंनी पुढे वाकून पडद्यावरच्या बोंडाला बोट लावलं. मग म्हणाले, "हे तं आपल्याच वावरातलं दिसून राह्यलं." मागे वळून सरांना म्हणाले, "सर, सोमवारपासून येईन पोरगी."

कपाशी काही परत आली नाही. पोरगी आली. पुढच्या वर्षी नव्या मुलींना तीच शिकवत होती, आणि सर दारात उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत, "पाहा, माही पोरगी."

सर निवृत्त झाले. त्यानंतरच्या ईदला मी त्यांच्या घरी गेलो. इस्त्रीचा कुडता घालून ते टेबलाशी बसले होते, समोर उभा केलेला फोन. एकामागून एक व्हिडिओ कॉल. पुण्याहून, सोनाळ्याहून, कुठून कुठून जुनी मुलं. जो तो विचारे, शीरखुर्मा झाला का? सर हसून प्रत्येकाला सांगत, झाला, झाला. सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, वारल्यापासून त्या घरात शीरखुर्मा झालाच नव्हता.

शबानाचा कॉल आला. तिला पण त्यांनी तेच सांगितलं.

"सर, फोन चुलीकडे न्या बरं," ती म्हणाली.

"तिकडं रेंज नाही," सर म्हणाले.

कॉल बंद झाला. तासाभराने दारात युसूफभाईंची मोटरसायकल थांबली. मागे शबाना, मांडीवर कापडात बांधलेला डबा.

तिने विचारलं नाही, थेट स्वयंपाकघरात जाऊन वाट्या काढल्या. तेवढ्यात टेबलावरचा फोन पुन्हा वाजू लागला. सरांनी तो पालथा ठेवला आणि जेवायला बसले.