यंत्र सुरू आहे, तथापि चालत नाही

देवपुरातल्या एका बागेत गवत कापायचं, वर बसून चालवायचं यंत्र आलं. उद्घाटनाला मोठे साहेब हार घालून वर बसले. इंजिन गुरगुरलं, पण चाकं हलली नाहीत. बागेचे अधीक्षक प्रेमराज यांनी तिथेच नोंद केली : ‘यंत्र सुरू आहे, तथापि चालत नाही.’

चार महिन्यांत गवत गुडघ्यापर्यंत आलं. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी सह्यांचा अर्ज दिला, तेव्हा चांद मिस्त्रीला ‘तोंडी मत देण्यासाठी’ बोलावलं गेलं. फवारणी पंपांपासून मोटारसायकलींपर्यंत सगळं दुरुस्त करणारा हा माणूस यंत्रामागे वाकला आणि लगेच उठला.

“साहेब, हा दांडा बाहेर ओढलेला आहे. ट्रकमधून उतरवताना यंत्र हाताने ढकलता यावं म्हणून तो ओढतात. आत लोटला की चालेल.”

प्रेमराज दचकले. “हात लावू नका, चांदभाई. दुरुस्तीच्या अर्जात दोनच रकाने आहेत. गंभीर बिघाड आणि अतिगंभीर बिघाड. मी गंभीर लिहून पथक मागवलंय. पथक येऊन दांडा लोटणार का?”

यंत्राभोवती बुधीबाई विळ्याने गवत कापत होती. यंत्र येणार म्हणून तिला कामावरून काढलं होतं. नंतर यंत्रच गवतात बुडायला लागलं, तेव्हा पथकाला ते सापडावं म्हणून ‘यंत्र देखभाल’ या कामावर तिला परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज बैठकीला गेलेले पाहून चांद पुन्हा आला. पण बुधीबाईला पाहून त्याचा हात अडला.

“अक्का, हे चाललं तर तुझं काम जाईल.”

“लोट भाऊ,” ती हातातला विळा दाखवत म्हणाली. “इळा शे मनाजोडे. काम कोठेबी भेटी.”

त्याने दांडा लोटला, वर बसला. अर्ध्या तासात निम्मी बाग साफ झाली. कितीतरी दिवसांनी त्याला आपल्या कामाचं इतकं समाधान वाटलं.

संध्याकाळच्या आत त्याच फिरणाऱ्यांचा दुसरा अर्ज आला. यंत्राच्या आवाजाने प्राणायामात व्यत्यय येतो, सबब ते पूर्ववत करावं. प्रेमराजांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि चांदकडूनच दांडा बाहेर ओढून घेतला. बुधीबाई देखभालीवर कायम राहिली.

चांदने अर्जदारांपैकी एका काकांना गाठलं. “काका, यंत्र चालवा असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

“चालवा की,” काका चालता चालता म्हणाले. “पण आम्ही घरी गेल्यावर.”

“घरी कधी जाता?”

“यंत्र बंद झालं की.”

अर्जदारांची नावं बागेच्या फाटकावर लावलेली आहेत. आपलं त्यात नसणारच, अशी ज्यांची खात्री आहे, त्यांनी तर नक्कीच एकदा पाहून यावं.