मदतपुस्तिका उदगीरला जाते

तनुजाने लिहिलेली मदतपुस्तिका एकदा वाचली की माणसाला पुन्हा कुणाला काही विचारावं लागत नाही, असं खुद्द तनुजाचंच मत होतं! नांदेडच्या ऑफिसात तिने ते साहेबांना तोंडावर सांगितलंही. अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी तिची कंपनी. दिवसभर अडत्यांचे फोन घेऊन तनुजाचे कान किटले होते.

साहेब म्हणाले, "एखाद्या अडत्याने फोन न करता, नुसती पुस्तिका वाचून शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाची पट्टी छापून दाखवली, की तुमची फोनमधून सुटका. मग नुसतं लिहीत बसा."

झालं! दुसऱ्या दिवशी तनुजा उदगीरला, निजामोद्दीन चाचांच्या अडतीवर हजर. चाचांनी नव्या कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला आणि पुस्तिका हातात घेतली.

"चाचा, मी नुसती बघणार. अडलं तरी सांगणार नाही. काय कळलं नाही ते मात्र बिनधास्त सांगा."

"तुम्ही लिवलंय म्हणल्यावर अडतंय कशाला?"

इथेच सगळी गोम होती. पाहुण्याच्या कामाला नाव ठेवायची चाचांच्या घराण्यात रीतच नव्हती. पाहुण्याने खवट पेढे आणले तरी ही माणसं कौतुकाने दुसरा उचलणार. चाचांनी पहिलं पान वाचलं. "लई भारी." दुसरं वाचलं. "क्या बात हाय." तिसऱ्या पानाला त्यांना दरदरून घाम फुटला. पडद्यावर पट्टीच्या जागी गेल्या हंगामातलं सोयाबीन उघडलं होतं. चाचा म्हणाले, "अक्षर किती सुरेख हाय."

अक्षर छापील होतं. तरी तनुजाने 'ग्राहक समाधानी' असं टिपून घेतलं.

"चहाचं बघून येतो," म्हणत चाचा आतल्या खोलीत गेले आणि इकडे तनुजाच्या पर्समधला कंपनीचा फोन वाजला. तो घ्यायला तिच्याशिवाय होतं कोण? ती पोत्यांच्या थप्पीमागे पळाली.

"मॅडम, हळू बोला," पलीकडून चाचाच कुजबुजत होते. "तुमच्या हापिसातल्या एक मॅडम भाईर बसल्यात. पोरीनं लई जीव लावून किताब लिवली. पण मला पट्टी निघून न्हाई राहिली. किताब नापास झाली तर पोरीचं मन मोडंल. तुम्ही गुपचूप सांगा."

तनुजाला खरं तर राग यायला हवा होता. उलट तिचे डोळेच भरून आले. बाजारात ज्यांचा शब्द चालतो असा माणूस तिच्यासाठी आपल्याच दुकानात चोरासारखा लपून बोलत होता. इतकं मोठं मन तिने आजवर पाहिलं नव्हतं. आवाज घोगरा करून तिने नियम मोडला.

"आधी शेतकऱ्याचं नाव निवडा. मग माल, मग वजन."

"किताबीत तर वजन पहिलं हाय."

"किताबीत चुकलंय."

"असं म्हणू नका मॅडम, पोर भाईरच हाय."

चाचा परतले ते ऐटीत. पुस्तिकेची पानं उगाच मागेपुढे करत त्यांनी पट्टी छापली आणि तनुजाच्या हातात दिली. "बघा, सगळं किताबीत हाय."

परतीच्या एसटीत तनुजाने अहवालाचा कागद मांडीवर घेतला. पुस्तिका वाचून पट्टी निघाली का? पट्टी तर हातात होती. चाचांनी एवढ्या प्रेमाने दिलेली सुटका नाकारायची कशी? तिने 'हो' लिहायला पेन टेकवलं आणि फोन वाजला.

"मॅडम," चाचा आता मोकळ्या आवाजात बोलत होते, "ती पोर गेली. आता दुसरी पट्टी कशी काढायची ते सावकाश सांगा. आन् किताबीतलं काई सांगू नका."

तनुजाने कागदावर 'नाही' लिहिलं आणि घसा खाकरून पुन्हा आवाज घोगरा केला. एसटी नांदेडच्या वाटेवरच्या कंधारला पोचली तरी दुसरी पट्टी निघाली नव्हती.