खिडकी क्रमांक चार

निवृत्त माणसाने परदेशी जाणे ही आता काही बातमी राहिलेली नाही. मुलगी तिकडे नांदत असते, तिला बाळ होते आणि आजोबांना विमानात बसवले जाते. त्रुटीकाकाही याच रीतसर कारणासाठी निघाले होते. नात पाच महिन्यांची झाली होती आणि काकांनी तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिले होते. तिच्यासाठी घेतलेला लाकडी खुळखुळा सामानात हरवेल या धास्तीने त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. श्वास घेतला की तो वाजायचा.

'त्रुटीकाका' हे नाव त्यांना चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीने मिळवून दिले होते. अर्जात त्रुटी सापडल्याशिवाय त्यांना डबा गोड लागत नसे. माणूस तीनदा परत गेला की चौथ्यांदा तो नम्र होऊन येतो, असा त्यांचा अनुभव होता. पाचव्यांदा तो येतच नाही आणि प्रकरण निकाली निघते.

विमान उतरण्याआधी हवाईसुंदरीने प्रवेशाचे फॉर्म वाटले. वरचा अर्धा भाग भरताना काकांना घाम फुटला. त्यांच्या नोकरीत वरचा भाग लोक भरत आणि खालचा काका. म्हणून 'कार्यालयीन उपयोगासाठी' ही चौकट दिसली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पुढचे सगळे हाताने आपसूकच केले. मंजूर, नामंजूर, प्रलंबित या तीन घरांपैकी तिसऱ्यात त्यांनी खूण केली, खाली लफ्फेदार सही ठोकली, तारीख घातली, पेनाला टोपण लावले आणि डोळे मिटून घेतले.

तपासणीच्या खिडकीवर एक चष्मेवाल्या बाई होत्या. दोघांच्या भाषा वेगळ्या होत्या, पण कचेरीची भाषा जगात एकच असल्यामुळे बोलण्यात कसलीही अडचण आली नाही.

"तुमचं प्रकरण प्रलंबित आहे," बाई म्हणाल्या.

"कुणी ठेवलं?"

बाईंनी फॉर्म फिरवून दाखवला. सही ओळखीची निघाली.

"अहो, ही माझीच सही! सवयीनं झाली. खोडून टाका."

"अधिकाऱ्याची सही मी कशी खोडणार?"

"पण मी अधिकारी नाहीये."

बाईंनी चष्मा काढला. "या चौकटीत फक्त अधिकारीच सही करू शकतो. तुम्ही अधिकारी नसाल तर ही बनवाबनवी झाली. तिला सात वर्षं कैद आहे. बोला, काय लिहू?"

सात वर्षांनी नात दुसरीत गेली असती. "अधिकारी लिहा," काका म्हणाले. मग त्यांना एकदम सुचले. "आणि अधिकारी आहे, तर मीच मंजूर करून टाकतो की!"

"स्वतःच्या अर्जावर स्वतःच निर्णय? साहेब, तुम्हाला शोभतं का हे?"

काकांची मान खाली गेली. मुद्दा बिनतोड होता.

"जवळच्या नातेवाइकानं तुमच्यासाठी अर्ज केला तर तो वेगळा अर्ज होतो," बाईंनी वाट दाखवली. "प्रलंबित प्रकरणांचे अर्ज खिडकी क्रमांक चारवर घेतात."

"तिथे कोण असतं?"

"आठ महिने कुणीच नव्हतं. आता तुम्ही आहात."

अशा रीतीने परक्या देशात पाऊल ठेवल्यापासून पाऊण तासात काका नोकरीला लागले. खिडकी चारपुढे आठ महिन्यांची रांग होती. खिडकी उघडताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जणांचे डोळे भरून आले.

पहिला अर्धा तास काका पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. आलेला अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचे, हसायचे. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एका अर्जावरचा फोटो काकांना थोडा डावीकडे वाटला. तो परत गेला. पुढच्याची सही रेषेच्या वर गेली होती. तोही गेला. दुपारपर्यंत काकांना सूर सापडला आणि संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी लिहून काचेवर चिकटवली: 'अर्ज दोन प्रतींत असल्याशिवाय स्वीकारला जाणार नाही.' असा नियम त्या देशात नव्हता. बाईंनी पाटी वाचली आणि त्यांना इतकी आवडली की बाकीच्या खिडक्यांवरही लावून घेतली.

"दुसरी प्रत कशाला हो?" काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी विचारले.

"पहिली हरवली तर?"

"मग पहिली हरवू नका ना."

"खाली दोन जिने उतरलात की झेरॉक्सवाला आहे. पुढचे!"

रात्रीचे साडेनऊ झाले तरी रांग संपत नव्हती. खिडकीतून एक अर्ज आत सरकला. काकांनी मान वर न करता तो उलटला, पालटला. "एकच प्रत आहे. उद्या या."

"बाबा, मी आहे. तुमचाच अर्ज आहे तो."

काकांनी वर पाहिले. काचेपलीकडे मुलगी उभी होती. सकाळपासून ताटकळून तिचा चेहरा उतरला होता. तिच्या खांद्यावरून नात टकामका बघत होती. फोनमध्ये दिसायची त्यापेक्षा तिचे कान बरेच मोठे होते, थेट काकांसारखे. चौतीस वर्षांत कधीही न केलेली गोष्ट करायला त्यांचा हात निघाला. त्यांनी शिक्का उचलला.

"राहू दे दुसरी प्रत," ते म्हणाले. "चालेल."

"चालेल कसं?" मागून काठी आपटली. "हे गुडघे घेऊन दोन जिने चढून आलोय मी! ओळखीची निघाली म्हणून चालेल होय?"

"वशिला! वशिला!" रांग खवळली. संध्याकाळपासून जी पाटी पाहून लोकांनी काकांना शिव्याशाप दिले होते, तीच पाटी त्यांनी आता मोठ्याने वाचून दाखवली. चष्मेवाल्या बाईही आपल्या खिडकीतून वाकून पाहू लागल्या.

काकांनी शिक्का खाली ठेवला. "झेरॉक्स घेऊन ये, बाळा. मी कुठे जात नाही."

"दुकान नऊला बंद झालं, बाबा."

काकांनी खिशातला खुळखुळा काढला, काचेखालच्या फटीतून बाहेर सरकवला आणि जावक रजिस्टरात त्याची नोंद केली. नातीने तो दोन्ही हातांनी धरला आणि सरळ तोंडात घातला. मुलीने अर्जाची घडी घातली आणि ती दाराकडे वळली. खुळखुळ्याचा आवाज जिन्यापर्यंत येत राहिला.

"नियम म्हणजे नियम," रांगेतून कुणीतरी समाधानाने म्हणाले. कोण म्हणाले, याची चौकशी आपण न केलेली बरी. तिच्या जाण्याने रांगेत आपलाही नंबर एकाने पुढे सरकला होता.